शिवकांता नावाचं इथं कोणी नाही

११ ऑगस्ट २००८, नांदेड

लातूरला कॉलेजात शिकवत होतो तेव्हा रोजनिशी लिहीत असे. निवृत्त होऊन नांदेडला आलो, घरातच बारावीच्या रसायनशास्त्राचा क्लास काढला आणि सवय मोडली. आज पुन्हा धरतोय. कारण एवढंच की घरात ज्या माणसाशी बोलायचं ते माणूस चार महिने नसणार आहे. मला त्याचं काही विशेष वाटत नाही, पण बोलायची सवय एकदम तोडणं तब्येतीला बरं नसतं असं कुठेतरी वाचलंय.

झालं असं. मस्कतहून राजश्रीचा फोन आला. आमची एकुलती एक लेक. नोव्हेंबरच्या शेवटाला बाळंत होणार. जावई राघवेंद्र कंपनीतून रजा काढून काढून किती काढणार, तेव्हा आईनं यावं. ही लगेच हो म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी जाऊ शकत नाही, कारण बारावीची बॅच ऐन रंगात आलेली असते आणि पलीकडच्या गल्लीतला रसायनवाला माझी मुलं पळवायला टपलेलाच आहे.

अडचण अशी की हिचा पासपोर्ट जानेवारीत संपतो. राघवेंद्र म्हणाला, व्हिसा हवा तर पासपोर्टाला पुढे सहा महिने तरी आयुष्य पाहिजे. म्हणजे आधी पासपोर्ट नवा, मग व्हिसा, मग विमान. सरकारी काम अन् सहा महिने थांब, आणि बाळ तर थांबणार नाही.

१४ ऑगस्ट

कलेक्टर ऑफिसजवळ महेबूबचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. पासपोर्टाचे फॉर्म भरण्यात त्याचा हातखंडा. मला म्हणाला होता, सर, फिकर नका करू, काकूंना पाठवून द्या. माझी सकाळची बॅच असल्यामुळे ही एकटीच गेली. सोबत जुना पासपोर्ट, रेशनकार्ड आणि पेटीच्या तळातून काढलेला शाळेचा दाखला. दाखला घडीवर फाटलेला.

दोन तासांनी आली ती फार खुशीत. येताना सीताफळं घेऊन आली, जी ऑगस्टात कच्चीच असतात. महेबूबनं फॉर्म फार छान अक्षरात भरला म्हणाली. मी म्हटलं, अक्षर बघून पासपोर्ट देतात होय. त्यावर ती हसली. एवढ्या तेवढ्यावर ती सहसा हसत नाही. लेकीकडे जायचा आनंद, दुसरं काय.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. मुलांनी पेन दिलं आणि एक भाषण केलं, ज्यात माझं वय दहा वर्षांनी वाढवलं.

संध्याकाळची बॅच चालू असताना फाटकाशी एक पोलीस आला. तिथूनच विचारतो, "शिवकांता हायेत का इथं?" मी फळ्यावर बेन्झीनचं कडं काढत होतो. अशा वेळी मध्ये कोणी बोललेलं मला खपत नाही. पोलीस झाला तरी बाप असतो, मुलगी क्लासला जाते म्हणून सांगते आणि भलतीकडेच जाते, मग हे दारोदार फिरतात. आणि हल्ली मुलींनाही अहोजाहो करायची फॅशन आहे. मी जागेवरूनच सांगितलं, "शिवकांता नावाचं इथं कोणी नाही. पलीकडच्या गल्लीत दुसरा क्लास आहे, तिथं बघा." तो जाताना शेजारच्या सुमनबाईंनाही विचारत होता. त्यांनीही ठासून सांगितलं की वीस वर्षं आम्ही इथं आहोत, अशी कोणी पोरगी या गल्लीत नाही.

ही तेव्हा गणपतीच्या आरतीला गेली होती. आल्यावर मी सांगायचं विसरलो. सांगण्यासारखं होतंच काय त्यात.

२० सप्टेंबर

आज सकाळी नागपूरच्या पासपोर्ट ऑफिसचं पाकीट आलं. उघडलं. ‘अर्जदार शिवकांता बापूसाहेब निटुरे या दिलेल्या पत्त्यावर राहत नसल्याचा पोलीस अहवाल प्राप्त झाल्याने…’ वगैरे.

मी हिला हाक दिली आणि म्हटलं, अगं, हे पत्र चुकून आपल्याकडे आलंय, ही बाई आपल्यातली नाही. पोस्टमन लांब गेला नसेल, परत देऊन ये. नवऱ्याचं नाव माझंच दिसत होतं हे खरं, पण जगात दुसरा बापूसाहेब निटुरे असू नये असा काही नियम नाही.

तिनं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग विचारलं, "मग मी कोण?"

खरं सांगतो, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हिचं माहेरचं नाव शिवकांता. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीनं नवं नाव लिहितो. आत्यानं कानात सांगितलं ‘चंद्रप्रभा’ आणि मी लिहिलं. त्यानंतर ते जुनं नाव कोणाच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. तिची आई म्हणत असेल, पण ती मला बघितलं की बोलायचंच बंद करायची.

मग पाच तारखेचा पोलीसही आठवला. तो मुलीचा बाप नव्हता. तो पासपोर्टाच्या चौकशीला आला होता. मी हे हिला सांगितलं. न सांगता गत्यंतर नव्हतं, कारण सुमनबाई खिडकीत उभ्या होत्या आणि त्यांना सगळं आठवत होतं. त्या म्हणाल्या, "अगं बया, काखेत कळसा अन् गावाला वळसा झाला की हो." यात त्यांचाही वाटा होता हे त्या सोयीस्कर विसरल्या.

ही शांतपणे म्हणाली, "तांदळात नाव तुम्हीच लिहिलं ना? त्याच्या आधी त्या ताटात काय होतं?"

मी म्हटलं, तांदूळ.

ती पत्र घेऊन आत गेली. आता रात्रीचा स्वयंपाक होतोय आणि भांड्यांचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा आहे. रागावण्यासारखं मी काय बोललो ते कळेना. प्रश्न विचारला, उत्तर दिलं.

२१ सप्टेंबर

चूक महेबूबची आहे. मी काल रात्रीच या निष्कर्षाला आलो. जुन्या पासपोर्टावर चंद्रप्रभा, रेशनकार्डावर चंद्रप्रभा, आणि या पठ्ठ्यानं शाळेच्या दाखल्यावरचं नाव डोळे झाकून फॉर्मात उतरवलं. रविवार असूनही त्याला घरी बोलावून घेतलं आणि चांगलं सुनावलं.

तो बिचारा, रोज्याचा दिवस, पाण्याचा घोटही नाही पोटात, उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "सर, म्या तर काकूंना दोनदा इचारलं होतं की…" तेवढ्यात ही आतून बाहेर आली. तिला बघून तो थांबला. मग म्हणाला, "न्हाई सर, चूक माझीच हाय. लिहिताना ध्यान ऱ्हायलं न्हाई." चोर पकडला गेला की असा अर्ध्या वाक्यात सापडतो. तरी कबूल केलं म्हणून मी पुढे वाढवलं नाही.

त्यानं उपाय सांगितला. हा अर्ज मागे घ्यायचा आणि चंद्रप्रभा नावानं साधा नवीकरणाचा अर्ज टाकायचा. जुनंच नाव, जुनाच पत्ता, बिनघोर होऊन जाईल. उलट शिवकांता हेच नाव ठेवायचं तर शाळेचा ताजा उतारा, आम्हा दोघांचं एकत्र प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात आणि पुन्हा पोलीस चौकशी. आणि पोलीस तर शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या बंदोबस्तात. ऑक्टोबरच्या शेवटाला सोहळा, लाखो यात्रेकरू येणार, निम्मं नांदेड खोदून ठेवलंय. त्या गर्दीत आपली चौकशी कोण करतंय?

मी म्हटलं, मग प्रश्नच मिटला, चंद्रप्रभा.

ही म्हणाली, "आता शिवकांता लिहिलंय तर शिवकांताच राहू द्या."

मी समजावलं. बाळंतपण हुकेल म्हटलं. मिठाला सोडियम क्लोराइड म्हटलं तरी मीठच ना, म्हटलं. ती म्हणाली, "मग जेवताना सोडियम क्लोराइड मागत जा." आणि आत गेली. महेबूब जमिनीकडे बघून हसत होता. ज्यानं घोळ घातला त्यानं हसावं याला काय म्हणावं?

बायकांचा हट्ट. एकदा चुकून लिहिलं गेलं, तेच धरून बसायचं. राजश्रीला फोन करून सगळं सांगितलं, वाटलं ती तरी आईला दोन शब्द सांगेल. ती तिकडून एवढी हसली की मला तिच्या अवस्थेची काळजी वाटली. म्हणाली, बाबा, आईला करू द्या.

२५ सप्टेंबर

शाळेच्या उताऱ्यासाठी हिच्या माहेरी जाऊन आलो. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेजवळ. पहाटेची एसटी. लातूर ओलांडताना चौकाचौकांत गुणवंतांचे फोटो लावलेले. काही फोटो तर दोन-दोन क्लासच्या फलकांवर, एकच पोरगं दोन्हीकडे पहिलं. मी लातूर सोडलं ते बरंच झालं.

त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव गेलं. नवं गाव सरकारनं वसवलं, सरळ रस्ते, सारखी घरं, आणि तिथली माणसं अजूनही ‘गावात जाऊन येतो’ म्हणतात ते जुन्या ढिगाऱ्याकडे बोट करून. शाळेचं रजिस्टर मात्र ढिगाऱ्यातून वर काढून जपलेलं होतं. हिचा धाकटा भाऊ रेवणसिद्ध आधीच मुख्याध्यापकांना सांगून बसला होता. नोंद सापडली. शिवकांता. जन्मतारीख एक जून. माझीही एक जून. आमच्या पिढीतला निम्मा मराठवाडा गुरुजींच्या कृपेनं एक जूनलाच जन्मलेला आहे.

पण मला आज लिहायचंय ते वेगळंच. एसटीतून उतरल्यापासून मला माझी बायको सापडेना. म्हणजे ती समोरच होती. पण पारावरच्या म्हाताऱ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत सगळे ‘शिवकांताक्का आली, शिवकांताक्का आली’ करत गोळा झाले आणि ती त्यांच्यात मिसळून गेली. कानडीत बोलत होती. हिला एवढं घडाघडा कानडी येतं हे मला माहीत नव्हतं. घरी तिनं कधी दाखवलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. तोंडावर पदर न घेता खदाखदा हसत होती. मला तिथं नावच नव्हतं. ‘शिवकांताचे मालक’ एवढीच माझी ओळख. एकानं तर विचारलं, तुम्ही काय करता? नांदेडात मला हे कोणी विचारत नाही.

तिची बालमैत्रीण कमलम्मा काठी टेकत आली. हिचे दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, "शिवे, तुजी माय गेल्यापासून ‘शिवे’ म्हून हाक मारायला मीच एकली उरले बघ. मी बी गेले की संपलं." हिच्या आई भूकंपाच्या रात्रीच घराखाली गेल्या. त्यानंतर माहेर म्हणून इथं यायचं फारसं झालं नाही.

मी तेव्हा शाळेच्या फळ्यावरचं समीकरण बघत उभा होतो. ते चुकलेलं होतं. ते दुरुस्त केलं, मग पुन्हा पहिल्यापासून तपासलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. मला तिला काहीतरी विचारायचं होतं, पण काय ते नीट जुळेना. म्हटलं, भूक लागली का? ती नाही म्हणाली.

३ ऑक्टोबर

काल ईद झाली. महेबूबच्या आई जन्नतबी यांनी शीरखुर्म्याचं पातेलं पाठवलं. ही म्हणाली, तुम्ही त्या माणसाला विनाकारण बोललात, आज जाऊन गळाभेट घेऊन या. विनाकारण कसं? पण गेलो. महेबूब मला म्हणाला, "सर, काकूंची तुम्हाला पर्वा लई हाय." याचा इथं काय संबंध होता कळलं नाही.

आज दोघांनी मिळून प्रतिज्ञापत्र केलं. मजकूर असा की ‘शिवकांता व चंद्रप्रभा या दोन्ही व्यक्ती एकच आहेत.’ मी टंकलेखकाला म्हटलं, दोन्ही म्हणायचं आणि एकच म्हणायचं हे व्याकरणात बसत नाही. तो म्हणाला, साहेब, कायद्यात बसतं. ही सही करायला बसली. घरी मागच्या महिन्यापासून दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर ती या नावाची सही गिरवतेय, त्यामुळे झोकात झाली. पूर्वतयारी हा गुण तिनं माझ्याकडून उचलला असावा.

वर्तमानपत्रात जाहिरातही आली. कोपऱ्यात, बोटभर. तिनं ती कापून देवघरात ठेवली. कागदपत्रं देवघरात ठेवू नयेत, उदबत्तीनं जळतात, असं मी सांगितलं.

८ ऑक्टोबर

महेबूबनं खटपट करून निरोप आणला. दोन-तीन दिवसांत पोलीस चौकशी होईल. या वेळी चुकलं तर नोव्हेंबरात बाळ येणार आणि आजी इथंच बसणार. रात्री तिनं राजश्रीला फोनवर सांगितलं की घाबरू नकोस, मी येतेच. फोन ठेवल्यावर मात्र कॅलेंडरवर दिवस मोजू लागली. मला वाटलं, आता तरी चंद्रप्रभा म्हणेल. पण म्हणाली नाही. आणि का कोण जाणे, मलाही तिनं तसं म्हणू नये असं वाटलं.

तेव्हा मी ठरवलं की गल्ली तयार करायची. आयुष्यभर मुलं तयार केली, गल्ली ती काय. सुमनबाई, समोरचा किराणावाला, दूधवाला आणि इस्त्रीवाली चांगुणा अशी बॅच. प्रश्न एक: शिवकांता कोण? उत्तर: शिवकांता म्हणजेच चंद्रप्रभा, बापूसाहेब निटुरे यांच्या पत्नी. प्रश्न दोन: त्या इथं किती वर्षांपासून राहतात? उत्तर पाठ, नाव पाठ, आडनाव पाठ. लातूर पॅटर्न म्हणतात तो हाच: समजलं नाही तरी चालेल, विसरता कामा नये. दूधवाला कच्चा आहे. त्याच्याकडून रोज सकाळी दूध मोजताना म्हणवून घेतो.

ही दारात उभी राहून सगळं ऐकत होती. माझ्या तोंडून ते नाव एवढ्या वेळा ऐकून कंटाळली असेल. पण आत गेली नाही.

११ ऑक्टोबर

तोच पोलीस आला. जमादार. सुमनबाईंनी त्याला फाटकापाशीच गाठलं आणि त्यानं तोंड उघडायच्या आत दोन्ही उत्तरं म्हणून दाखवली. दूधवाल्याचंही बरोबर आलं. किराणावाल्यानं तर माझंही शिक्षण सांगून टाकलं. मी मनात शंभर टक्के निकाल धरला होता.

जमादार आत आला, खुर्चीवर बसला, पाणी प्याला. कागदपत्रं बघितली. मग अगदी सहज मला विचारलं, "सर, सगळी गल्ली शिवकांताबाई शिवकांताबाई करून राहिली. तुम्ही सवता घरात काय म्हून हाक मारता?"

हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

मी आठवू लागलो. चंद्रप्रभा? कधीच नाही. ते नाव मी तांदळात लिहिलं तेवढंच. लहानपणी घरात कोणी बायकोला नावानं हाक मारलेली ऐकली नव्हती, मग मीही मारली नाही. राजश्री झाल्यावर चारचौघांत ‘राजश्रीची आई’ म्हणू लागलो. त्याआधी काय म्हणत होतो? जमादार पेन उघडून थांबला होता. मी म्हटलं, "अगं म्हणतो."

"अगं असं लिहू का रिपोर्टात?"

तेव्हा ही म्हणाली, "ते हाक मारत नाहीत. दारात येऊन खोकतात. मला कळतं."

जमादार हसला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि विचारलं, "मग बाई, लिहू काय?"

"शिवकांता लिहा," ती म्हणाली.

त्यानं लिहिलं. जाताना म्हणाला, अहवाल आजच पाठवतो, उद्यापासून आमची ड्युटी गुरुद्वाऱ्याला. चौकशी उत्तम झाली. तरी दिवसभर मला नापास झाल्यासारखं वाटतंय.

१४ ऑक्टोबर

आज प्रयोग केला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि हाक मारायची असं ठरवलं. अवघड काय त्यात, चार अक्षरं. "शि…" पर्यंत आलो. ती मागे न बघता म्हणाली, "शिंक येतेय का? बाम लावा."

बाम लावला.

१ नोव्हेंबर

सोहळ्यानं नांदेड तुडुंब भरलंय. आमच्याकडेही लुधियानाचं एक कुटुंब चार दिवस मुक्कामाला होतं, घराघरांतून सोय केली होती सगळ्यांनी. त्या गर्दीतून वाट काढत आज पोस्टमन आला आणि पासपोर्ट आला. नवाकोरा. नाव शिवकांता, कंसात काही नाही, उर्फ नाही.

ही तो हातात घेऊन अंगणात गेली. उन्हात धरून वाचत होती. मी म्हटलं, स्पेलिंग तपास. म्हणाली, तपासतेय. स्पेलिंग तपासताना माणूस डोळे पुसत नाही, पण ऊन फार होतं.

महेबूबला पेढे घेऊन गेलो. म्हटलं, तुझ्या चुकीमुळं एवढं रामायण झालं, पण शेवट गोड. तो म्हणाला, "हाव सर, माझ्याच चुकीनं." आणि पेढा तोंडात टाकला.

८ नोव्हेंबर

व्हिसा झाला. पंधराचं विमान, हैदराबादहून. ही मेथीचे, डिंकाचे लाडू करतेय, आणि मला गॅस, पाण्याची मोटर आणि कपड्यांच्या घड्या शिकवतेय. मी सगळं एकदाच सांगितल्यावर समजणारा विद्यार्थी आहे, तरी ती पुन्हा सांगते. आज विचारलं, परत कधी? म्हणाली, बघू, बाळ रांगायला लागलं की. बाळ कधी रांगतं ते सुमनबाईंना विचारलं. उत्तर फारसं आवडलं नाही.

१५ नोव्हेंबर, परतीच्या गाडीत

अक्षर हलतंय. मुदखेड यायचंय अजून.

विमानतळ नवा आहे, काचेचा, गावापासून लांब. सोडायला आलेल्यांना आत जाऊ देत नाहीत हे मला माहीत नव्हतं. मी आपला विमानाच्या शिडीपर्यंत जायच्या हिशेबानं इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. दारावरच्या शिपायानं पासपोर्ट बघितला, "शिवकांता बापूसाहेब," असं वाचलं आणि तिला आत सोडलं. मला हात आडवा केला.

सगळं एवढ्या झटकन झालं की निरोपाचं काही बोलायचं राहून गेलं. तिनंही फक्त एवढंच सांगितलं की दुधाचं भांडं गॅसवर ठेवून शिकवत बसू नका. आणि ती ट्रॉली ढकलत निघाली. ट्रॉलीचं एक चाक अडत होतं, त्यामुळे तिचं सगळं लक्ष चाकाकडे. मागे बघेना.

मी दारातून "अगं" म्हटलं. चार-पाच बायकांनी वळून बघितलं. एक बुरख्यातली, एक केसांत मोगरा माळलेली तेलुगू आजी, आणखी कोणी कोणी. ती नाही वळली. "राजश्रीची आई" म्हटलं, ते त्या गोंगाटात कुठं पोचणार. आणि ती लांब जात होती. पुढं दुसरं दार होतं. मला एकदम भीतीच वाटली, कसली ते सांगता येत नाही. लहान मुलाचं बोट जत्रेत सुटावं तशी.

मी ओरडलो, "शिवकांता!"

ती माझं नाव संपायच्या आत वळली. तिचं नाव म्हणायचंय मला. एवढ्या वर्षांत मी कधी काही मागितलं, बोललो, तेव्हा एवढ्या पटकन ती कधी वळली नव्हती. ट्रॉली तिथंच सोडून चार पावलं माघारी आली. तिनं हातानंच विचारलं, काय?

माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. विसरलेलं काही नव्हतं, द्यायचं काही नव्हतं. मी म्हटलं, काही नाही. शिपाई, मोगऱ्याची आजी, सगळे आमच्याकडे बघत होते.

"मग आणखी एकदा म्हणा," ती तिथूनच म्हणाली.

मी म्हटलं.

२३ नोव्हेंबर, नांदेड

पहाटे शिवकांताचा फोन आला. राजश्रीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण खुशाल. शिवकांता सारा वेळ तिच्याजवळ होती. शिवकांता म्हणते, बाळाचं नाक माझ्यावर गेलंय, पण पुढे सुधारेल.

बोलता बोलता दूध उतू गेलं. शिवकांताला सांगितलेलं नाही.